पत्र्याच्या गॅरेजला आतून घाम फुटतो, त्यावर काय करायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत दिवाळी झाली की हा त्रास सुरू होतो आणि माघ संपेपर्यंत टिकतो. खालची उत्तरं कार, ट्रॅक्टर, दुचाकी ठेवायच्या पत्र्याच्या शेडसाठी आहेत. हिशेबासाठी सगळीकडे २० फूट लांब, १२ फूट रुंद आणि सरासरी १० फूट उंच असं एकपाखी शेड धरलं आहे. तुमचं माप वेगळं असेल तर त्या प्रमाणात कमी-जास्त करा.

पावसाचा पत्ता नाही, तरी पहाटे पत्र्यातून पाणी कसं टपकतं?

ते पाणी बाहेरून आलेलं नसतं, शेडमधल्या हवेतलंच असतं. हिवाळ्यात आभाळ निरभ्र असलं की पत्रा रात्रभर आपली ऊब आभाळाकडे सोडत राहतो आणि आजूबाजूच्या हवेपेक्षाही काही अंशांनी गार पडतो. जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीचा पत्रा, साठवून ठेवायला त्याच्याकडे ऊब असतेच किती! आतली हवा त्या गार पत्र्याला लागते आणि तिच्यातल्या वाफेचं पाणी होतं. कपाशीच्या पानावर दहिवर पडतं तेच हे, फक्त पत्र्याच्या पोटाला धरलेलं.

हवा १५ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल, तर ११.६ अंशांपेक्षा गार असलेल्या कुठल्याही वस्तूवर पाणी धरतं. हवा २० अंश आणि आर्द्रता तेवढीच असेल, तर १६.४ अंशांनाच धरायला लागतं. धुळ्या-जळगावकडे पारा दहाच्या खाली उतरतो त्या रात्री उघडा पत्रा या आकड्यांच्या कितीतरी खाली जातो. रावेर, यावल, चोपड्याच्या केळी पट्ट्यात भोवताली सतत ओलित असल्याने हवेत ओलही जास्त असते, म्हणून तिथे तक्रारी जास्त.

एक खूण सांगतो. शेडच्या अर्ध्या भागावर कडुनिंबाच्या फांद्या पसरलेल्या असतील तर पहाटे आत जाऊन वर बघा. झाडाखालचा पत्रा कोरडा किंवा नुसता दमट असतो आणि उघड्या आभाळाखालचा थेंबांनी भरलेला असतो. पत्रा एकच, हवा एकच. फरक पडतो तो आभाळाने.

गळती आहे की घाम, हे ओळखायचं कसं?

गळती पावसात होते आणि एका जागी होते: स्क्रूच्या भोकाशी, दोन पत्र्यांच्या जोडावर, भिंतीच्या कडेला. घाम निरभ्र, थंड पहाटे येतो, सगळ्या पत्र्यावर येतो आणि ऊन चढलं की दहापर्यंत नाहीसा होतो. ट्रॅक्टरच्या बॉनेटवरची धूळ बघा. घाम असेल तर धुळीत गोल गोल डागांची सरळ रांग दिसते आणि त्या रांगेच्या बरोब्बर वर आडवा पाइप, म्हणजे पर्लिन असतो. थेंब उतारावरून घसरत येतो, पर्लिनला अडतो आणि तिथून खाली पडतो.

हे आधी पक्कं करा. घामाच्या पत्र्यावर स्क्रूच्या टोप्यांना सिलिकॉन फासण्यात लोकांचे कितीतरी पैसे वाया जातात. शंका राहिलीच तर कोरड्या दुपारी पत्र्यावर पाच-सात बादल्या पाणी ओता आणि आतून बघा.

पण इतकं पाणी येतं कुठून? बंद शेडमध्ये हवा ती किती!

हाच कळीचा प्रश्न आहे. आपल्या नमुन्याच्या शेडमध्ये साधारण ६८ घनमीटर हवा मावते. २० अंश आणि ८० टक्के आर्द्रतेला त्या सगळ्या हवेत मिळून सुमारे ९४० ग्रॅम वाफ असते. तीच हवा १० अंशांपर्यंत गार झाली तर ती ६४० ग्रॅमच धरू शकते. म्हणजे सगळी हवा पिळली तरी पाणी निघतं ३०० ग्रॅम, दोन पेले. ते पत्र्यावर पसरलं तर खाली टपकणारही नाही, सकाळी वाळून जाईल.

तरीही रोज पहाटे खाली थारोळं साचत असेल, तर कुठून तरी रोज नवी ओल येते आहे. फटींतून येणारी बाहेरची हवा थोडी भर घालते, पण बंद शेडमध्ये मोठा पुरवठा बहुतेक वेळा खालून होतो: कच्ची जमीन, प्लास्टिक न घालता काळ्या मातीवर ओतलेला कोबा, किंवा भिंतीच्या पायथ्याशी मुरणारं पाणी. त्याखालोखाल धुऊन लगेच आत लावलेली गाडी, शेडमध्ये बांधलेली जनावरं, उघडी पाण्याची टाकी आणि ओल्या चाऱ्याची रास. एक म्हैस रात्रभर श्वासातून आणि अंगातून लिटरच्या हिशेबात पाणी हवेत सोडते. गोठा आणि गॅरेज एकाच पत्र्याखाली असेल तर मधली भिंत थेट पत्र्यापर्यंत नेऊन फट बुजवा.

म्हणून आमचं ठाम मत असं की काम जमिनीपासून सुरू करायचं. पत्र्याला कितीही महाग अस्तर लावलं आणि खालची ओल तशीच राहिली, तर पाणी अस्तराच्या सांध्यांत जमेल.

ओल जमिनीतून येते की हवेतून, याची घरगुती चाचणी आहे का?

आहे, आणि फुकटात होते. दोन बाय दोन फुटांचा जाड, पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर अंथरा आणि चारही कडा रुंद टेपने हवाबंद चिकटवा. एक दिवस-रात्र तसाच राहू द्या. सकाळी प्लास्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील किंवा कोबा तिथे काळपट दिसला, तर ओल जमिनीतली आहे. प्लास्टिक वरून ओलं आणि खालून कोरडं असेल तर ओल हवेतली. भिंतीजवळ एक आणि मध्यभागी एक असे दोन तुकडे लावा. भिंतीजवळचाच ओला झाला तर बाहेरचं पावसाचं किंवा सांडपाणी मुरतं आहे.

काळ्या मातीवर नवीन गॅरेज बांधतो आहे. कोबा कसा करायचा?

काळी माती पाणी धरते, फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून ती कोब्याखाली ठेवायचीच नाही. निदान एक फूट, जमलं तर दीड फूट काढून टाका. मुरूम ६-६ इंचांच्या थरांत पाणी मारून धुमसून भरा. आतली पातळी बाहेरच्या जमिनीपेक्षा एक ते दीड फूट वर आणा. त्यावर दगडाचं सोलिंग, आणि सोलिंगवर दीड-दोन इंच कच किंवा वाळू. हा थर वाचवू नका. सोलिंगच्या टोकदार दगडांनी प्लास्टिक फाटतं आणि फाटलेलं प्लास्टिक असून नसून सारखंच.

त्यावर २५० मायक्रॉनचं प्लास्टिक. आपल्या मापाला सुमारे ३०० चौरस फूट लागेल: जोडावर १ फूट एकमेकांवर चढवायचं, जोड टेपने बंद करायचा आणि चारही भिंतींना ६ इंच वर घ्यायचं. वर ४ इंच काँक्रीट, १:२:४ (सिमेंट, वाळू, खडी). हे ८० घनफूट होतं, सिमेंटच्या साधारण १५ गोण्या. मजूर खडी ओतताना घमेली घेऊन त्याच प्लास्टिकवरून फिरतात, तिथे फळ्या टाकायला सांगा आणि काँक्रीट पडेपर्यंत तिथून हलू नका. अर्ध्या ठिकाणी प्लास्टिक इथेच फाटतं.

वळचणीला पन्हाळी लावा. आपल्या शेडचा पत्रा बाहेरच्या झुकावासकट सुमारे ३०० चौरस फूट होतो. एक इंच पाऊस झाला की त्यावरून ७०० लिटर पाणी एकाच भिंतीच्या पायथ्याशी ओतलं जातं.

कोबा जुना आहे. तोडावा लागेल का?

बहुतेक वेळा नाही. काम मे महिन्यात काढा. खानदेशातलं ऊन इथे उपयोगी पडतं, कोबा पुरता सुकतो. शटरची उंची परवडत असेल तर जुन्या कोब्यावर २५० मायक्रॉन प्लास्टिक, वर जाळी टाकून ३ इंच काँक्रीट. उंची नसेल तर कोबा घासून, धूळ काढून ओलरोधक इपॉक्सीचे दोन हात. नुसत्या सिमेंटच्या घोटाईने वाफ अडत नाही.

शेड नवंकोरं आहे, तरी पहिल्याच हिवाळ्यात घाम?

नवीन काँक्रीट सुकत असतं. इंचाला महिना असा ठोकताळा धरा. दसऱ्याला ओतलेला ४ इंचांचा कोबा संक्रांतीनंतरही वाफ सोडत राहील. पहिला हिवाळा दिवसा शटर उघडं ठेवून काढा आणि दुसऱ्या वर्षीही पाणी पडलं तरच खर्च करा.

हवा खेळती ठेवायला किती जागा सोडायची?

जमिनीच्या क्षेत्रफळाचा दीडशेवा भाग मोकळी वाट असावी, निम्मी खाली आणि निम्मी वर. २४० चौरस फुटांना १.६ चौरस फूट होतात. जाळी बसवली की वाट अडते, म्हणून दुप्पट धरा. सोपा मार्ग असा: उंच बाजूला पत्र्याखाली २० फूट लांबीची सलग १ इंच फट आणि समोरच्या भिंतीत जमिनीपासून फूटभर वर तेवढ्याच मापाच्या जाळ्या. खालच्या जाळ्यांना अर्ध्या इंचाची वेल्डमेश लावा; मोठे साप-उंदीर येत नाहीत आणि धुळीने बुजतही नाही. मच्छरजाळी लावली तर महिन्याभरात तिचा गच्च पडदा होतो.

वेळही सांभाळा. हिवाळ्यात दुपारी इथली हवा कोरडी आणि गरम असते. ११ ते ४ शटर उघडं ठेवलं की कोबा आणि गाडी दोन्ही सुकतात. संध्याकाळी शटर बंद, वरच्या फटी मात्र कायम उघड्या.

एक मर्यादा ओळखून असा. हवा खेळवल्याने आत साठलेली जादा ओल जाते, पत्रा काही उबदार होत नाही. धुकं पडतं किंवा बाहेर गाड्यांच्या काचा भिजलेल्या असतात त्या पहाटे चारी बाजूंनी उघड्या शेडचा पत्राही आतून भिजतो. तिथे अस्तरच लागतं.

टर्बो व्हेंटिलेटर, तो छतावर फिरणारा घुमट, बसवावा का?

उन्हाळ्यासाठी खुशाल बसवा. हिवाळ्याच्या पहाटे वारा पडलेला असतो, तेव्हा तो जेमतेम फिरतो आणि नुसत्या भोकाइतकं काम करतो. खाली हवा आत यायला वाट नसेल तर तेवढंही करत नाही.

आहे त्या पत्र्याला आतून काय लावायचं?

छोट्या गॅरेजसाठी आमची पहिली पसंती १० मिलिमीटर एक्सएलपीई फोम (बंद छिद्रांचा, प्लास्टिकचा मऊ फोम), एका बाजूला ॲल्युमिनियम फॉइल, दुसऱ्या बाजूला चिकट थर. का, ते बघा. आतली हवा १५ अंश आणि पत्रा ७ अंश असेल, तर उघड्या पत्र्यावर पाणी धरणारच. १० मिलिमीटर फोम लावला की हवेला लागणारी बाजू साधारण १३ अंशांवर राहते. ८० टक्के आर्द्रतेला ११.६ ही रेषा होती, म्हणजे आपण तिच्या वर राहिलो. ९० टक्क्यांना ती रेषा १३.४ वर जाते आणि फोमही कमी पडू लागतो. म्हणूनच आधी जमिनीची ओल. ५ मिलिमीटरचा फोम इथे घेऊ नका, वाचलेले पैसे पुन्हा घालावे लागतात.

माल असा: पर्लिन ४-४ फुटांवर असतील तर ४ फूट रुंद रोलच्या २० फुटांच्या तीन पट्ट्या, म्हणजे २४० चौरस फूट. पर्लिन गुंडाळायला आणखी ५५. कापाकापी धरून ३२० चौरस फूट मागवा. २ इंची ॲल्युमिनियम टेप ५० मीटर.

पत्रा आधी कोरडा आणि स्वच्छ हवा. कारखान्यातून आलेल्या पत्र्यावर तेलाचा पातळ थर असतो आणि जुन्यावर धूळ, कोळ्यांची जाळी. साबणाच्या पाण्याने धुवा, सुकू द्या, थिनरच्या फडक्याने पुसा. गंज असेल तर घासून प्रायमर. काम सकाळी १० नंतर, पत्रा कोमट असताना करा. पहाटेच्या दमट पत्र्यावर चिकटवलेला फोम आठवड्यात लोंबतो. कागद एकदम न काढता हातभर काढत जा, मधून कडेला दाबत हवा बाहेर काढा. पत्र्याच्या पन्हळीत फोम नीट दाबून बसवा. बसत नसेल तर पन्हळीची दोन्ही टोकं फोमच्या तुकड्यांनी बंद करा, नाहीतर ओली हवा तिथून शिरते आणि फोमच्या मागे पाणी धरते. शेवटी सगळ्या कडा टेपने बंद.

फोम लावला, आता पाणी फक्त पाइपांच्या रांगेत पडतं. का?

पर्लिन उघडे राहिले. ते थेट पत्र्याला टेकलेले असतात, पत्र्याचा सगळा गारवा खाली आणतात. त्यांच्या तिन्ही उघड्या बाजूंना फोम गुंडाळून दोन्हीकडच्या पट्ट्यांना टेपने जोडा.

फोम मे महिन्यात सुटून खाली आला.

गडद पत्रा उन्हात साठ अंशांच्या पुढे तापतो आणि साधा गोंद तिथे दम सोडतो. तेलकट पत्रा हे दुसरं कारण. नुसत्या गोंदावर विसंबू नका. पर्लिनला दर दोन फुटांवर १२ गेजची जीआय तार आडवी ताणून फोमला खालून आधार द्या.

नवीन छत घालताना काही वेगळं करता येईल का?

नक्की, आणि तेव्हाच सगळ्यात स्वस्त पडतं. पर्लिनवर तारेची जाळी ताणायची, तिच्यावर अस्तर सलग अंथरायचं आणि वरून पत्रा मारायचा. मग पर्लिन आपोआप उबदार बाजूला राहतात. कारखान्यातच फोम चिकटवलेला पत्राही मिळतो. काही ठिकाणी पोटाला नमद्यासारखा थर लावलेला पत्रा मिळतो. तो ऊब राखत नाही, पण चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर पाणी धरून ठेवतो आणि दिवसा वाळतो. त्याची वळचणीकडची दोनेक इंचांची कड लॅकरने (वार्निशसारख्या लेपाने) किंवा उष्णतेने बंद करून घ्यावी लागते, नाहीतर तो पावसाचं पाणी वातीसारखं आत ओढतो. जनावरांच्या किंवा कायम ओल असलेल्या शेडमध्ये मात्र तो वाळतच नाही.

उतार निदान १० अंश द्या. १२ फूट रुंदीला दोन फुटांचा चढ.

ग्लासवूल, बबल शीट, थर्माकोल, पफ पॅनल यांचं काय?

ग्लासवूल ५० मिलिमीटर ऊब चांगली राखतं, पण भिजलं की निकामी. फॉइल नेहमी आतल्या, खोलीकडच्या बाजूला हवी आणि प्रत्येक जोड टेपने बंद हवा. उलटं लावलेलं ग्लासवूल दोन हिवाळ्यांत ओल्या गोधडीसारखं जड होऊन जाळी वाकवतं. बबल शीट पत्र्याला चिकटली तर उपयोग जवळजवळ संपतो. पत्र्यापासून निदान एक इंच अंतर राखून ताणावी लागते. वरचा तुकडा खालच्या तुकड्यावर चढवा, म्हणजे तिच्यावर पडलेले थेंब उताराने वळचणीला जातील. थर्माकोलच्या पाट्या फटींमुळे फसतात, शिवाय उंदीर त्यात घरं करतात. ३० ते ५० मिलिमीटरचं पफ पॅनल, म्हणजे दोन पत्र्यांच्या मधे फोम भरलेली तयार पाटी, हे सगळ्यांत उत्तम उत्तर आहे आणि महागही. गॅरेजमध्ये बसून रोज काम करायचं असेल तरच परवडतं.

प्लास्टिकची चटई किंवा ताडपत्री खालून बांधली तर?

जळगावची विणलेली चटई वाफ अडवत नाही. पाणी तिच्या वर धरतं आणि विणीतून खाली येतं. ताडपत्री गाडी कोरडी ठेवते, पण वर पत्रा आणि पर्लिन कुणाला न दिसता गंजत राहतात. हंगामापुरती सोय म्हणून ठीक.

पांढरा रंग मारल्याने घाम थांबतो का?

नाही. छतावरचा पांढरा रंग उन्हाळ्यात खरोखर उपयोगी आहे, पण रात्री रंगवलेला पत्रा ऊब भराभर सोडतो. नवा, चकचकीत, बिनरंगाचा पत्रा त्या मानाने कमी गार पडतो. आतून मारायचे घामरोधक रंग थोडं पाणी शोषतात. हलका दमटपणा असेल तर चालतात, थेंब पडत असतील तर पुरत नाहीत.

छतावर पऱ्हाट्या किंवा पाचट टाकलं तर?

आभाळ झाकलं जातं म्हणून फरक पडतो. पण ते पावसात कुजतं, पत्र्यावर ओल धरतं, गंज आणतं आणि ठिणगी पडली तर पेटतं. त्यापेक्षा पत्र्याच्या फूटभर वर अँगलवर ७५ टक्क्यांची शेडनेट ताणा. दिवसाचं ऊन आणि रात्रीचा गारवा दोन्ही कमी होतात. वादळी वाऱ्याच्या दिवसांत तिच्या गाठी तपासत राहा.

फोम लावलेल्या शेडमध्ये वेल्डिंग करता येईल का?

करू नका. फोम, थर्माकोल आणि पफ, तिन्ही पेटतात आणि त्यांचा धूर जीवघेणा असतो. पर्लिनला काही जोडायचं असेल तर वेल्डिंग अस्तराच्या आधी उरका. ट्रॅक्टरची कामं बाहेर अंगणात करा. अपरिहार्यच असेल तर तिथला दोन-तीन फुटांचा फोम काढा, पाण्याची बादली आणि वाळू जवळ ठेवा आणि काम संपल्यावर अर्धा तास तिथेच थांबा.

थंडीत आत शेगडी पेटवून हवा कोरडी करता येते का?

उलट होतं. एक किलो गॅस जळाला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन हवेत येतं. बंद शटरमागे कोळशाची शेगडी किंवा शेकोटी तर जिवावर बेतते.

त्याच शेडमध्ये कापूस ठेवला आहे, भाव येईपर्यंत. काय काळजी घ्यावी?

कापूस ओल ओढतो. सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदीत ८ टक्के ओलाव्यापर्यंत पूर्ण दर, त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत कपात आणि त्याहून जास्त असेल तर माल परत, म्हणून छतातून पडलेला थेंब थेट भावातून जातो. गंजलेल्या पर्लिनवरून टपकलेलं पाणी रुईवर पिवळे-तांबूस डाग पाडतं, ते वेगळंच. कापूस जमिनीवर न टाकता लाकडी फळ्यांवर, फळ्यांखाली प्लास्टिक घालून, भिंतीपासून फूटभर लांब रचा. गंजीची उंची पत्र्यापासून निदान तीन फूट खाली ठेवा. वरून सुती चादर टाका. प्लास्टिकने गच्च झाकलं तर कापसातलीच ओल प्लास्टिकखाली धरते. चादर रोज दुपारी काढून वाळवा. ट्रॅक्टर त्याच शेडमध्ये लावत असाल तर मात्र कापूस तिथे ठेवू नका. गरम सायलेन्सर आणि कापूस एका छताखाली नकोत.

जुन्या सिमेंटच्या पत्र्याला कधी घाम नव्हता. तोच परत घालावा का?

सिमेंटचा पत्रा जाड असतो, सावकाश गार पडतो आणि थोडं पाणी पिऊन घेतो, म्हणून थेंब दिसत नव्हते. पण जुन्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतं. ते कापू, फोडू किंवा घासू नका, त्याची धूळ फुप्फुसात बसते. काढायचेच असतील तर पाणी मारून ओले करा, हूक कापून अख्खे उतरवा आणि तुकडे शेतात किंवा रस्त्याच्या भरावात टाकू नका.